एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये म्हणून: प्रा. मधू दंडवते आणि रेल्वे आरक्षणाच्या सर्व्हरची गोष्ट

गणपतीला साधारण दोन महिने बाकी असतात. सकाळचे पावणेआठ. लालबागच्या चाळीत, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, विरारच्या लोकलमध्ये चाकरमानी मोबाइल हातात धरून बसलेले असतात. आठ वाजले की रत्नागिरी, राजापूर, कणकवली, सावंतवाडीकडे जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग लिस्ट सुरू होते.

ज्याला तिकीट मिळत नाही तो चिडतो, ते साहजिकच आहे. पण या धुमश्चक्रीत एक गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. हजारो लोक एकाच सेकंदाला एकाच गाडीवर तुटून पडतात, तरी एस ४ डब्यातला कन्फर्म झालेला बर्थ एकाच माणसाला मिळतो. दोघांना कधी जात नाही, आणि पैसे घेऊन तो हवेतही विरत नाही.

हे काम करतो एक डेटाबेस. तो डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालतो, त्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी हा निर्णय भारतीय रेल्वेत चाळीस वर्षांपूर्वी झाला आणि आजही त्याचे परिणाम दिसतात. या गोष्टीची सुरुवात ज्या मंत्र्याच्या काळात होते, तो होता भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. तो अशा मतदारसंघातून निवडून आला होता की जिथे तेव्हा एकही रेल्वे स्टेशन नव्हतं.

त्यांचं नाव प्रा. मधू दंडवते.

फिजिक्सचा मास्तर

मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. शिक्षणासाठी ते मुंबईला आले, भौतिकशास्त्रात एम.एससी. झाले आणि सिद्धार्थ कॉलेजमध्ये शिकवू लागले. हे कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेलं. दंडवते तिथे अनेक वर्षं फिजिक्स शिकवत होते.

कॉलेज सुटलं की मात्र चळवळ. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते होते. १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. पक्ष समाजवादी. पत्नी प्रमिलाताईही त्याच चळवळीतल्या, पुढे १९८० मध्ये त्या स्वतः मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

कोकणाशी दंडवत्यांचं नातं जडलं ते राजापूरमुळे. रत्नागिरी जिल्ह्यातला हा लोकसभा मतदारसंघ म्हणजे बॅरिस्टर नाथ पै यांचा गड. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै अचानक गेले आणि दोन महिन्यांत निवडणूक आली. समाजवाद्यांनी दंडवत्यांना उभं केलं. लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि पुढे सलग पाच वेळा, १९७१ ते १९८९ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत, राजापूरने त्यांनाच दिल्लीला पाठवलं.

तेव्हा रत्नागिरी जिल्हा अखंड होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता. घरटी एक माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गावी यायचं तर बोट, नाहीतर घाट आणि वळणं घेत रात्रभर चालणारी एसटी. रेल्वे हा शब्द फक्त निवडणुकीच्या भाषणात ऐकू यायचा.

स्टेशन नसलेल्या गावाचा रेल्वेमंत्री

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा दंडवते संसदीय कामासाठी बेंगळुरूला गेले होते. अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणीही तिथेच होते. सगळ्यांना तिथेच अटक झाली. दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात, प्रमिलाताई पुण्यात येरवड्याला. दोघांमधला संसार त्या काळात पत्रांवर चालला.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि रेल्वे खातं आलं दंडवत्यांकडे.

त्यांच्या सव्वादोन वर्षांतल्या दोन-तीन गोष्टी लोकांना अजून आठवतात. सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये तोवर नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. दंडवत्यांनी त्यावर दोन इंचांचा फोम आणला. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर आणू, असा त्यांचा हिशोब होता. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. या गाडीत वर्गच नव्हते, सगळे प्रवासी सारखे. १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं.

फोम, गीतांजली आणि संपातले कामगार या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या. त्यांच्या काळात जोर धरलेली चौथी गोष्ट मात्र दिसत नव्हती, ती होती आरक्षण कॉम्प्युटरवर नेण्याची कल्पना.

वहीतला बर्थ

त्या काळी आरक्षण कसं व्हायचं, हे आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाही.

प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची एक वही. ती वही एका कारकुनाकडे. तुम्हाला ज्या गाडीने जायचं असेल त्या गाडीच्या खिडकीसमोर रांग लावायची. चुकून दुसऱ्या खिडकीवर उभे राहिलात तर दोन तास वाया. नंबर आला की कारकून वही उघडणार, रिकामी ओळ शोधणार, नाव लिहिणार आणि पुठ्ठ्याच्या तिकिटावर बर्थचा नंबर टाकणार. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या शहराला तार जायची. उत्तर आलं तर आलं.

या पद्धतीचं दुखणं एकच होतं: वही ज्याच्या हातात, बर्थ त्याच्या हातात. रिकामी ओळ आहे की नाही, हे फक्त त्यालाच दिसायचं. त्यामुळे दलाल आले, ओळखीपाळखी आल्या, खिडकीवर जागा नाही आणि बाहेर तिकीट आहे असे प्रकार आले. यात गाव ते मुंबई असा वर्षातून दोनदा प्रवास करणारा साधा माणूस सगळ्यात आधी भरडला जायचा.

कॉम्प्युटरने हे सुटू शकत होतं. पण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारं यंत्र, अशी कामगार संघटनांमध्ये धास्ती होती. संपातल्या कामगारांना परत घेणाऱ्या समाजवादी मंत्र्याच्या खात्यातच कॉम्प्युटरचा विचार व्हावा, यात वरवर विसंगती वाटते. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: रांगेतल्या साध्या माणसाला त्याचा हक्क मिळाला पाहिजे.

आयबीएम गेली आणि रस्ता बदलला

रेल्वेला कॉम्प्युटर नवीन नव्हता. १९६० च्या दशकातच झोनच्या मुख्यालयांत आयबीएम कंपनीची १४०१ ही यंत्रं आली होती. पण त्यांचं काम पगारपत्रकं आणि हिशोब. दिवसभराची कार्डं गोळा करायची, एकगठ्ठा यंत्रात घालायची, छापील कागद बाहेर. पगाराला हे चालतं, आरक्षणाला चालत नाही. खिडकीसमोरच्या माणसाला उत्तर त्याच क्षणी हवं असतं.

त्यात १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. परकी कंपन्यांनी भारतातली आपली मालकी कमी करावी, असा कायदा होता आणि त्याची अंमलबजावणी करणारे उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. दंडवत्यांचे समाजवादी चळवळीतले साथी आणि त्याच मंत्रिमंडळातले सहकारी.

आयबीएमची यंत्रं सांभाळायची कुणी? ते काम आलं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी या सरकारी कंपनीकडे. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता करता सीएमसीचे इंजिनिअर स्वतः मोठ्या यंत्रणा उभ्या करायला शिकले. आणि रेल्वे आरक्षणाचं सॉफ्टवेअर पुढे लिहिलं ते याच कंपनीने.

जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळलं आणि दंडवते मंत्रालयातून बाहेर पडले. काम मात्र पुढे सरकत राहिलं. १९८५ मध्ये दिल्लीत प्रयोग सुरू झाला आणि १९८६ मध्ये तो पूर्ण रूपात चालू झाला. या यंत्रणेचं नाव होतं इम्प्रेस. त्याच वर्षी रेल्वेने आपल्या कॉम्प्युटरच्या कामासाठी क्रिस ही स्वतंत्र संस्था काढली. माधवराव शिंदे रेल्वेमंत्री असताना ही यंत्रणा मोठ्या शहरांत पसरली.

इम्प्रेस चालत होतं अमेरिकेच्या डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर. आणि व्हॅक्सवर ऑपरेटिंग सिस्टिम होती व्हीएमएस.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जोतं

कोकणात घर बांधताना आधी जांभ्याचं जोतं घालतात. घर कितीही देखणं असो, जोतं खचलं तर भिंतीला तडा जातो. डेटाबेस हे घर धरलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम हे जोतं. डेटाबेस म्हणतो, ही नोंद डिस्कवर लिही. प्रत्यक्ष लिहिते ऑपरेटिंग सिस्टिम. डेटाबेस म्हणतो, माझं होईपर्यंत दुसऱ्याला थांबव. थांबवते ऑपरेटिंग सिस्टिम.

व्हीएमएस १९७७ मध्ये जाहीर झाली, म्हणजे दंडवते रेल्वेमंत्री झाले त्याच वर्षी. तेव्हा जाणकारांमध्ये दुसरं गाजणारं नाव होतं युनिक्स. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून वाढलेली, सुटसुटीत, विद्यापीठांची लाडकी. आजच्या लिनक्सचा सगळा घाट तिच्यावरूनच घेतलेला आहे. मग आरक्षणासारख्या कामाला तेव्हा व्हीएमएस जास्त का शोभत होती? तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट, लिहिलं म्हणजे खरंच लिहिलं का?

डिस्कवर लिहायला वेळ लागतो. म्हणून त्या काळची युनिक्स नोंद आधी मेमरीत ठेवायची आणि साधारण दर तीस सेकंदांनी सगळं एकदम डिस्कवर उतरवायची. लेख किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यात काही अडचण नाही. पण आरक्षणात? समजा, तिकीट छापून प्रवाशाच्या हातात गेलं आणि दहाव्या सेकंदाला वीज गेली. यंत्र पुन्हा चालू झालं तेव्हा डिस्कवर तो बर्थ रिकामाच. पुढच्या माणसाला तोच बर्थ विकला जाणार. गाडीत दोघं एकाच नंबरचं तिकीट घेऊन भांडणार.

दुकानदार यावर फार पूर्वीपासून एक उपाय करत आले आहेत. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणी करायची. खातेवही अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. डेटाबेसही हेच करतो. पण त्यासाठी रोजकीर्दीतली ओळ खरोखर कागदावर उमटली आहे, याची हमी लागते. ती हमी ऑपरेटिंग सिस्टिम देते. अमेरिकेतले डेटाबेस संशोधक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहून दाखवलं होतं की, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अशा सोयी डेटाबेसच्या कामात उलट आड येतात.

दुसरी गोष्ट, कुलूप.

दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी एकाच बर्थची मागणी आली तर आधी एकाला आत घ्यायचं, दुसऱ्याला दारात थांबवायचं. पहिल्याचं काम झालं की दुसऱ्याला सांगायचं, हा गेला, पुढचा बघ. याला लॉक म्हणतात. व्हीएमएसमध्ये ही कुलपं सांभाळणारी व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच होती आणि १९८० च्या दशकात ती अनेक यंत्रांमध्ये मिळून चालू लागली. शिवाय व्हीएमएसला फाइल म्हणजे ओळींची वही हे कळत होतं. युनिक्सला फाइल म्हणजे अक्षरांची एक लांब माळ, तिच्यात कुठली ओळ कुठे संपते हे प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं आपण बघायचं.

तिसरी गोष्ट, एक यंत्र पडलं तर?

व्हीएमएसची क्लस्टर पद्धत अशी होती की, अनेक यंत्रं एकाच डिस्कवर काम करायची. एक बंद पडलं की बाकीची काम ओढून नेत. खिडकीवरच्या कारकुनाला क्षणभर अडखळल्यासारखं वाटायचं, पण रांग मोडायची नाही. ज्या देशात तेव्हा दिवसातून दोनदा वीज जायची, तिथे ही मोठी गोष्ट होती.

पुढच्या काळात युनिक्सने या उणिवा भरून काढल्या. १९९१ मध्ये लिनक्स आली आणि आज जगातले बहुतेक मोठे डेटाबेस तिच्यावर निर्धास्त चालतात. पण १९८५ मध्ये निवड करणाऱ्यांसमोर १९८५ चीच बाजारपेठ होती.

वही सगळ्यांची झाली

कॉम्प्युटर आला आणि पहिला फरक रांगेत दिसला. आता कुठल्याही खिडकीवर त्या केंद्रातल्या कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. रिकामा बर्थ कारकुनाच्या मर्जीने लपेना.

पण एक अडचण उरली होती. दिल्लीची यंत्रणा वेगळी, मुंबईची वेगळी. मुंबईहून निघणाऱ्या गाडीचा बर्थ दिल्लीच्या खिडकीवर सहज मिळत नव्हता. यासाठी क्रिसने कॉन्सर्ट नावाचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं. १९९४ मध्ये ते आधी सिकंदराबादला लागलं. एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. यंत्रं बदलली, व्हॅक्सच्या जागी अल्फा आली. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र तीच, आता तिचं नाव ओपनव्हीएमएस झालं होतं.

कॉन्सर्टची एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एका गाडीचे बर्थ एकाच केंद्रात राहतात. देशात कुठूनही मागणी आली तरी ती त्या गाडीच्या केंद्राकडेच जाते. वही एक, ठेवलेली एका ठिकाणी, पण लिहिणारे हात देशभर. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट विक्री सुरू झाली तेव्हाही आयआरसीटीसीची वेबसाइट म्हणजे आणखी एक खिडकीच होती. बर्थ कुणाचा, हे शेवटी त्या केंद्रातला डेटाबेसच ठरवतो.

आणि रत्नागिरीला गाडी आली

या सगळ्या काळात दंडवते विरोधी बाकांवर होते आणि कोकण रेल्वेचा पाठपुरावा करत होते. त्यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या काळात आपटा-रोहा हा पहिला टप्पा मार्गी लागला होता. १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गाडी आली. पुढे सह्याद्रीचे कडे, नद्या, खाड्या आणि पैशाचा प्रश्न.

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि दंडवते अर्थमंत्री झाले. सोन्यावरचा गोल्ड कंट्रोल कायदा त्यांच्याच काळात रद्द झाला. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. आयबीएमच्या वेळचे तेच दोन सहकारी, पण या वेळी काम कोकणाचं. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोख्यांमधून. धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना हरवलं. रेल्वेचं काम तोवर सुरू झालेलं होतं, पण गाडी यायला अजून वेळ होता.

२६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. रत्नागिरीजवळचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा ६० मीटरहून उंच पूल याच मार्गावरचे. दंडवते तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. सव्वा वर्षात आरक्षणाची पाच केंद्रंही जोडली गेली. वीस वर्षांपूर्वी एकाच कारकिर्दीत हालचाल सुरू झालेल्या या दोन गोष्टी, रूळ आणि नोंदवही, अशा जवळजवळ बरोबरच पुऱ्या झाल्या.

डिसेंबर २००१ मध्ये प्रमिलाताई गेल्या. 'डायलॉग विथ लाइफ' हे आत्मचरित्र दंडवत्यांनी लिहिलं. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं आणि त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला.

जुन्या जोत्याचं काय?

चांगली निवडही जुनी होतेच. व्हीएमएस बनवणारी डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली. २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीमध्ये विलीन झाली. अल्फा यंत्रं बंद झाली, त्यांच्या जागी इटॅनियम आली. मग इंटेलने इटॅनियमही बंद केली. ओपनव्हीएमएसचं काम आता एक छोटी कंपनी बघते. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या इंजिनिअरांपैकी ती हाताळलेले शोधून सापडत नाहीत.

रेल्वेची सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये लागलेली आहे आणि ती इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवरच चालते, असं रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटं ही तिची क्षमता. ती दीड लाखाच्या वर न्यायची, नवी यंत्रं आणि क्लाउडला चालणारं सॉफ्टवेअर आणायचं, असं काम रेल्वेने हाती घेतलं आहे.

म्हणजे १९८५ च्या निवडीने चाळीस वर्षं इमानाने काम केलं, पण एका कंपनीच्या यंत्राशी बांधून घेतल्याची किंमतही वसूल केली. नुसतं यंत्र बदलता येत नाही, त्याबरोबर जोतं आणि घर दोन्ही हलवावं लागतं. आणि घर हलवताना खिडकीवरची रांग एक दिवसही थांबवता येत नाही.

मग आज कुणी सर्व्हर घ्यायचा ठरवला तर?

रत्नागिरीतली एखादी पतसंस्था, आंबा निर्यात करणारी सोसायटी किंवा हॉस्पिटल आज स्वतःचा डेटाबेस सर्व्हर घेतं, तेव्हा प्रश्न येतोच: विंडोज सर्व्हर की लिनक्स? रेल्वेच्या अनुभवावरून काही गोष्टी ताडून बघता येतात.

सॉफ्टवेअर कशावर चालतं ते आधी बघायचं. अकाउंटिंगचं तयार पॅकेज फक्त विंडोजवर चालत असेल तर वाद तिथेच मिटला. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरायचं असेल तर लिनक्स हे त्यांचं माहेर. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो.

कंपनी किती वर्षं दुरुस्त्या देणार ते विचारायचं. विंडोज सर्व्हर आणि रेड हॅट लिनक्सच्या मोठ्या आवृत्त्यांना साधारण दहा वर्षं, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात. मुदत संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लोकांच्या ठेवींचा हिशोब ठेवणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाखाली झोपणं.

रात्री दोन वाजता बंद पडलं तर चालू कोण करणार, ते ठरवायचं. गावात लिनक्स जाणणारा एकही माणूस नसेल तर फुकट मिळालेली लिनक्स महागात पडते. आणि जाणणारा असेल तर लायसन्सचे पैसे उगाच का भरायचे?

शेवटी, वीज घालवून बघायची. नोंदी चालू असताना सर्व्हरचा प्लग काढायचा, पुन्हा लावायचा आणि बघायचं, पावती दिलेली प्रत्येक नोंद जागेवर आहे का? पावसाळ्यात कोकणात ही परीक्षा महावितरण न सांगता घेतंच. म्हणून खऱ्या नोंदी भरण्याआधी ती आपणच घेतलेली बरी. बॅकअप घेतला असेल तर तो एकदा परत चढवूनही बघायचा.

यातला एकही प्रश्न वेगाचा किंवा दिसण्याचा नाही. पावती हातात पडलेल्या माणसाचा हक्क बुडणार नाही ना, एवढंच सगळीकडे विचारलेलं आहे.

मधू दंडवत्यांनी व्हीएमएस निवडली नाही, ते काम इंजिनिअरांचं होतं. निवड झाली तेव्हा ते मंत्रीही नव्हते. पण त्यांच्या काळात जोर धरलेल्या कल्पनेचा अर्थ साधा होता: रांगेत आधी आलेल्याला आधी, मग तो कुणीही असो. लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम घालणं आणि एक बर्थ एकालाच विकणं ही एकाच माणसासाठी केलेली कामं होती.

या वर्षी गणपतीला रत्नागिरीच्या फलाटावर उतराल तेव्हा आपल्या तिकिटावरचा बर्थ नंबर एकदा बघा. त्या दोन आकड्यांसाठी कुठेतरी एका सर्व्हरने क्षणभर कुलूप लावलं होतं, तुमचं नाव लिहिलं होतं, आणि मगच पुढच्या माणसाला आत घेतलं होतं.